डावऱ्याचा दर

राउंडला दर ठरलेला होता. टोपरं घालून मार खाल्ला तर एक दर, टोपरं काढून खाल्ला तर दीडपट. टोपरं म्हणजे डोक्याला बांधायचं ते गादीदार चामड्याचं आवरण. कोच त्याला हेडगार्ड म्हणायचा, पण डावऱ्याला ते पहिल्या दिवसापासून तान्ह्या बाळाच्या टोपऱ्यासारखं दिसलं आणि त्यानं तेच नाव कायम केलं. मार मात्र तान्ह्या बाळाला सोसेल असा नव्हता. तीन मिनिटांचा राउंड, दिवसाला चार राउंड, आठवड्यातून तीन दिवस. समोर बावीस वर्षांचा तगडा पोरगा, कोचचा लाडका, त्याला सगळी व्यायामशाळा पठ्ठ्या म्हणूनच ओळखायची. पठ्ठ्याचं काम मारायचं. डावऱ्याचं काम खायचं.

आणि नुसतं खायचं नाही, शिस्तीत खायचं. पळायचं नाही, मिठी मारायची नाही, ठोसा लागायच्या आत लोळण घ्यायची नाही. उलट ठोसा द्यायचा, पण अर्ध्या जोराचा. पठ्ठ्याला सवय व्हावी इतपत, इजा होईल इतका नाही. पठ्ठ्याची भुवई फुटली असती तर लढत रद्द झाली असती. डावऱ्याचं नाक एकदा फुटलं, तर कोचनं दोन्ही नाकपुड्यांत कापूस कोंबला आणि घड्याळ बघत म्हणाला, "दहा मिनिटं बस. मग दोन राउंड राहिलेत."

त्याची एवढी मागणी होती ती तो डावखुरा होता म्हणून. पठ्ठ्याची मोठी लढत ठरली होती ती एका डावखुऱ्याशी, आणि सरावाला डावखुरे मिळत नाहीत. याच डाव्या हातावर लहानपणी मास्तरांनी छड्या ओढल्या होत्या, थोरल्या काकांनी तो खाटेच्या पायाला बांधून ठेवला होता. हात काही सुधारला नाही. पुढे त्याच हातानं बॉक्सिंगची दोन पदकं आणली, तेव्हा काका सांगत सुटले की पोराच्या हातात जोर आहे हे मला आधीपासून ठाऊक होतं. ती पदकं गावाकडच्या भिंतीवर राहिली. हात तेवढा परदेशी आला.

परदेशी यायचं ठरलं ते एका गुणाकारावर. सगळे करतात तोच. गोदामातल्या कामाचा पगार कागदावर लिहून आला, त्याला तिकडच्या पैशाच्या भावानं गुणलं, तर आकडा इतका फुगला की मेहुण्यानं चष्मा पुसून पुन्हा हिशेब केला. तेवढाच आला. घरात आनंदीआनंद झाला, शिपायाच्या नोकरीचा राजीनामा गेला, बायकोची दोन शिलाई मशीनं विकली गेली. पगाराचा गुणाकार सगळ्यांनी केला. खर्चाचा एकानंही केला नाही. आपली माणसं हिशेबात कच्ची नसतात, फक्त अर्धाच हिशेब करतात.

उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी बायकोनं बाजारात एक कोबी उचलला, मनातल्या मनात गुणाकार केला आणि चटका बसल्यासारखा खाली ठेवला. पुढे सहा महिने ती प्रत्येक वस्तूला गुणत राहिली. साबण गुणला, बसचं तिकीट गुणलं, मुलीची वही गुणली. मग एक दिवस तिनं ते सोडून दिलं. गुणाकार करून तिथे जगता येत नव्हतं.

राहायला दीड खोली, खाली कपडे धुण्याचं दुकान. दिवसभर त्या यंत्रांची घरघर, फरशी कायम कोमट. भाडं तीन महिन्यांचं एकदम, तेही आगाऊ. आणि नियम असा की माणसाच्या नावावर घराचा करार असेल तरच त्याच्या बायकापोरांना त्या देशात राहू देणार. करार गेला की त्यांची परवानगी गेली. बायकोच्या परवानगीवर शिक्का होता : 'आश्रित. काम करण्यास मनाई.' गावाकडे अर्ध्या गल्लीचे ब्लाउज शिवणारी बाई इथे खिडकीशी बसून खालच्या दुकानातले लोकांचे कपडे गरगर फिरताना बघायची. मुलगी दहा वर्षांची. परक्यांच्या मुलांना सरकारी शाळेत जागा नव्हती, आणि खासगी शाळेची फी ऐकून डावऱ्यानं कारकुनाला विचारलं होतं, "ही वर्षाची का?" कारकून म्हणाला, "महिन्याची." गोदामातला पगार घरभाड्यात आणि खाण्यात संपायचा. फीसाठी मग व्यायामशाळा शोधावी लागली.

तेव्हापासून डावऱ्याचं नाणं बदललं. तो पैशात मोजेनासा झाला, राउंडांत मोजू लागला. शाळेची फी तीस राउंड. मुलीची सहल चार. हिवाळी कोट अकरा राउंड, आणि तो घेताना त्याला खरोखरच बरगडीत कळ आली. बहीण फोनवर म्हणायची, "तुमचं काय बाबा, फॉरेनचे तुम्ही! भाच्यासाठी एक चांगला मोबाइल धाडून दे की." तो हसायचा. मोबाइल म्हणजे पंचावन्न राउंड, हे बहिणीला कसं सांगणार?

घरी त्यानं सांगितलं होतं की मी मुलांना बॉक्सिंग शिकवायला जातो. ओठ फाटला की म्हणायचा, "नवीन पोरं आहेत, चुकून लागतं." बायको बर्फ आणून द्यायची आणि पुढे काही विचारायची नाही. तिला कळत होतं. पण एकदा कळलं असं कबूल केलं, की थांबवावं लागलं असतं. आणि थांबवलं तर फी कुठून आणायची? नवराबायको दोघंही त्या खोटेपणाला एकेका बाजूनं धरून उभे होते.

लढतीला तीन आठवडे राहिले तेव्हा कोच म्हणाला, "आजपासून हेडगार्ड काढ. पठ्ठ्याला खऱ्या तोंडावर मारायची सवय पाहिजे. दीडपट देतो. आणि लढतीपर्यंत टिकलास तर वर शंभर राउंडचे एकरकमी."

शंभर! डावऱ्यानं टोपरं तिथल्या तिथे काढून खुंटीला अडकवलं.

पठ्ठ्याला डाव्या हाताचा हुक घोटायचा होता. तो बाहेरून वळून यायचा आणि डावऱ्याच्या उजव्या गालफडावर, कानशिलावर, डोळ्यावर आदळायचा. एकाच जागी, पुन्हा पुन्हा, खिळा ठोकावा तसा. चौथ्या राउंडला घंटा झाली, डावऱ्यानं नियमाप्रमाणे हात खाली घेतले आणि पठ्ठ्यानं आणखी एक हाणला. पुऱ्या जोराचा. डावऱ्या गुडघ्यावर आला. डोळ्यात लख्ख वीज चमकली आणि विझेचना.

"घंटा झाली होती," तो म्हणाला.

"हो का? ऐकू नाही आली," पठ्ठ्या दात काढत म्हणाला. "काय रे, उशी कधी बोलते का?"

त्या क्षणी डावऱ्याच्या डाव्या हाताची मूठ अशी आवळली गेली की हातमोज्याची शिवण करकरली. एकच ठोसा पुरे होता. बावीस वर्षांचं ते देखणं नाक कुठल्या कोनातून मोडतं हे त्याला पाठ होतं. पण नाकाच्या मागे त्याला शाळेचा कारकून दिसला. तो उठला, हातमोजे काढले आणि पैसे घेऊन घरी गेला.

दोन दिवस डोळ्यासमोर चिलटं उडत राहिली. तिसऱ्या दिवशी उजव्या कडेनं काळा पडदा सरकू लागला. डॉक्टरीण बाईंनी डोळ्यात उजेड मारून पाहिलं आणि खुर्ची मागे घेतली. "डोळ्याच्या आतला पडदा सुटतोय. आठ दिवसांत ऑपरेशन झालं तर डोळा वाचेल. तोवर डोक्याला जराही धक्का नको. कशानं झालं हे?"

"गोदामात खोकं पडलं."

त्याच्याकडचं विम्याचं कार्ड सर्वांत स्वस्तातलं होतं. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं : डोळे व दात वगळून. म्हणजे बाकीच्या शरीराला विमा होता. ऑपरेशनचा खर्च ऐकून त्यानं सवयीनं भागाकार केला : दोनशे राउंड. गावाकडे जाऊन करावं तर रजा दोन वर्षांतून एकदाच, मध्ये गेला की नोकरी संपली. घरात डब्यात पुढच्या तिमाहीचं भाडं होतं, जवळजवळ शंभर राउंडचं. पण ते एक तारखेला मालकाच्या हातात पडायलाच हवं होतं. नाहीतर करार नाही, आणि करार नाही तर बायको नाही, पोर नाही, शाळा नाही.

बसमध्ये त्यानं ठरवून टाकलं. देवानं डोळे दोन दिलेत. एक खर्चाला, एक शिल्लक. बायकोला सांगितलं, डोळे आलेत. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दोरांच्या आत उभा होता, टोपऱ्याशिवाय.

आता उजवीकडून येणारा हुक त्याला दिसतच नव्हता. दिसत नाही म्हटल्यावर शरीरानं आपली सोय करून घेतली. उजव्या कडेला काळोखात जरा कुठे हालचाल जाणवली की उजवी मूठ आपोआप निघू लागली, त्याला न विचारता. कोच खूष झाला. "आज हात झकास चालतोय!" डावऱ्याला त्या चार राउंडांत कमी दुखलं, एवढंच त्याला कळलं. ती मूठ आपल्याबरोबर घरी येतेय हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

रविवारची दुपार. बायको पोळ्या लाटत होती. डावऱ्या खिडकीशी उभा राहून मुलीच्या दप्तराचा तुटलेला बंद शिवत होता. मुलगी मागच्या खोलीत चित्र काढत बसली होती. ते झालं, आणि दाखवायला म्हणून ती पाय न वाजवता, गंमत करायची म्हणून, धावत आली. उजवीकडून. आणि कागद एकदम त्याच्या तोंडासमोर धरला.

मूठ सुटली.

अर्ध्या जोराची नव्हे. पुऱ्या जोराची, खांद्यातून आलेली. आधी आवाज आला, वाळकी काटकी मोडावी तसा, मग ती दाराच्या चौकटीवर जाऊन आदळली आणि खाली बसली. ओठ फाटला होता. हनुवटीवरून रक्त फ्रॉकवर, फ्रॉकवरून त्या चित्रावर. पुढचा दात मधोमध तुटून कोमट फरशीवर पडला होता. ती रडली नाही. तोंड उघडं टाकून बापाकडे बघत राहिली. हे कोण आहे, असं.

"बाळ..." डावऱ्या पुढे वाकला. ती घसरत मागे गेली.

बायकोनं ओट्यावरचा जड तवा उचलला. तो तापलेला होता की नाही हे दोघांपैकी कुणालाच नंतर सांगता आलं नाही. पहिला घाव त्याच्या पाठीत बसला, दुसरा खांद्यावर. "माझ्या पोरीला? माझ्या पोरीला मारलंस? कुणावर हात उचललास तू?" लग्नाला बारा वर्षं झाली होती, ती त्याला पहिल्यांदा अरेतुरे करत होती. "मार ना! मला मार! कर हात वर!"

आणि हात वर झालाच. कोपर आपसूक डोक्यापाशी आलं, हनुवटी छातीत गेली, पाय सरकून जागेवर बसले. स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या बायकोसमोर, तो पवित्र्यात उभा राहिला. बायको थबकली. तवा हातात, केस सुटलेले, पदर पिठात.

"शिकवत नाहीस तू तिथे," ती म्हणाली. "मार खातोस."

"दिसलं नाही ग मला," तो म्हणाला. "उजवीकडचं काहीच दिसत नाही." आणि भिंतीला टेकून खाली बसत त्यानं सगळं सांगितलं. पडदा, आठ दिवस, दोनशे राउंड, दीडपट. बायकोनं तवा टाकला, मुलीला उचललं, आणि जाता जाता त्याच्या अंगावर थुंकल्यासारखं बोलली, "आम्हाला काय आंधळ्याच्या जिवावर शिकायचंय?"

दाताच्या डॉक्टरनं ओठाला तीन टाके घातले आणि विचारलं, "कसं लागलं?" मुलगीच बोलली, फाटक्या ओठातून, "धावताना दारावर आपटले." कुणी शिकवलं नव्हतं. तिनं डॉक्टरकडे सरळ बघून सांगितलं आणि मग बापाकडे न बघता खिडकीबाहेर बघत बसली. नवा दात बसवायचा खर्च साठ राउंड. डॉक्टर म्हणाला, घाई नाही, वर्षभर थांबलात तरी चालेल. डावऱ्याला मात्र घाई होती. तो दात त्याला त्याच आठवड्यात बसवायचा होता.

म्हणून सोमवारी तो गेला. बायको दारात आडवी उभी राहिली, त्यानं तिला बाजूला केलं. पैसे हवे होते आणि पैसे तिथेच मिळत होते.

पहिली घंटा झाली. पठ्ठ्यानं हुक टाकला, डावऱ्याचा हात उठायला गेला, आणि अर्ध्यातच पडला. समोर मुलीचं उघडं तोंड दिसलं. दुसरा हुक. पुन्हा तेच. हात उठेचनात. मुठी मांडीशी लोंबत राहिल्या आणि पठ्ठ्या त्याला पोत्यासारखा कुटत सुटला. गाल फाटला, भुवई फाटली, तोंडात लोखंडासारखी चव आली. "हात वर!" कोच ओरडला. "अरे, हात वर कर गाढवा!" डावऱ्या उभा. पठ्ठ्याला आधी मजा वाटली, मग राग आला, मग तो घाबरला. पण घाबरलेला माणूस जास्तच जोरात मारतो. दोरांना पाठ टेकली तेव्हा डावऱ्या काहीतरी पुटपुटत होता. पठ्ठ्याला वाटलं, शिव्या देतोय. तो म्हणत होता, "मार. अजून मार."

कोच दोरातून आत घुसला आणि पठ्ठ्याला ढकलून दिलं. डावऱ्याच्या चेहऱ्यावरचं रक्त टॉवेलनं पुसताना त्याचा हात उजव्या बाजूनं आला, आणि डावऱ्याची पापणीसुद्धा लवली नाही. कोचनं टॉवेल त्या डोळ्यासमोर झटकून पाहिला. पुन्हा झटकला.

"कधीपासून?"

"चार दिवस झाले."

कोचनं काडकन त्याच्या मुस्कटात मारली. उघड्या हातानं. "मरायचं असेल तर दुसरीकडे मर! इथे मेलास तर मला आत घालतील, कळतंय?" मग तो कपाटाशी गेला, पैसे मोजले, शंभर राउंडचे पूर्ण, आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशात कोंबले. त्यात दया नव्हती, भीती होती. "हे घे आणि तोंड बंद ठेव. इथे पुन्हा दिसलास तर हाकलून देईन."

संध्याकाळी डावऱ्या घरी पोचला. बायकोनं त्याचा चेहरा पाहिला, ओलं फडकं आणलं आणि पुसू लागली. तो खुर्चीत बसला, डावा डोळाही सुजून अर्धा मिटलेला. त्यानं पैसे टेबलावर ठेवले.

"साठचा दात," तो म्हणाला. "उरलेले भाड्यात."

"हे आणि डब्यातले मिळून डोळा होतो," बायको म्हणाली. "डॉक्टरीण बाईंनी आठ दिवस सांगितलेत. चार गेले."

"डब्याला हात लावायचा नाही. करार गेला तर तुम्हाला दोघींना परत जावं लागेल. एवढं सोसलं ते कशाला मग?"

"परत जाऊ. मी मशीन घेईन पुन्हा."

"आणि तिची शाळा? लोक काय म्हणतील? मला एका डोळ्यानं भागतं, खोकी काय, चाचपूनही उचलता येतात. मला आता काही सांगू नकोस."

"अहो, ऐका माझं..."

"नाही म्हटलं ना! दात आणि भाडं. विषय संपला!" त्यानं टेबलावर मूठ आपटली आणि नोटा उडाल्या. त्याचं ठरलं होतं. पोरीचा दात तोडला त्याची भरपाई म्हणून डोळा दिला, की फिटलं, असं काहीतरी त्यानं मनाशी धरलं होतं. आणि एकदा धरलेलं तो सोडत नसे.

मागच्या खोलीचं दार किंचित उघडलं. मुलीला पाणी प्यायचं होतं. माठ बापाच्या पलीकडे, त्याच्या उजव्या हाताला. ती उंबऱ्यावर उभी राहिली. दोन्ही हात पुढे धरलेले, तळवे उघडे, टाके घातलेल्या ओठांतून शब्द नीट निघत नव्हते.

"बाबा, मी आहे," ती म्हणाली. "मी पाणी घ्यायला येतेय. उजवीकडून येतेय हं. मारू नका."

डावऱ्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि त्यांच्यावर बसून राहिला. ती भिंतीला चिकटून त्याच्या मागून गेली, पाणी प्यायली, पेला विसळून ठेवला. परत निघाली, पुन्हा थांबली.

"बाबा, आता मी जातेय."

दार लागेपर्यंत तो हलला नाही. मग नोटा गोळा करून त्यानं बायकोपुढे सरकवल्या, फळीवरचा डबा काढून त्यांच्याशेजारी ठेवला.

"डॉक्टरीण बाईंना फोन लाव," तो म्हणाला. "उद्याच करा म्हणावं."